कोंग्वा आणि महेवा : परराष्ट्रीय साहाय्याच्या कामांतील व्यवस्थापकाची जबाबदारी

[१]

जुनीं कागदपत्रें जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींपुढें परराष्ट्रीय साहाय्यानें चालणाऱ्या उन्नतीच्या कामांचा विषय मांडावा, हें कित्येकांस चमत्कारिक वाटेल. सनदा, महजर व ताळेबंद यांच्या पंक्तीस ट्रॅक्टर व बियाणें कशास, असा प्रश्न कोणीं केल्यास तो गैर नाहीं. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर एका देशाच्या पैशानें वा ज्ञानानें दुसऱ्या देशाच्या भूमीवर जीं कामें सुरू झालीं, त्यांतील अगदीं पहिल्या कामांस आतां पाऊणशेंहून अधिक वर्षें लोटलीं. तीं करणारे पुरुष गेले, कागद मागें राहिले. कागद राहिले म्हणजे तो विषय आमचा झाला.

अशा प्रत्येक कामावर एक मनुष्य नेमलेला असतो. त्यास हल्लीं प्रकल्प-व्यवस्थापक म्हणतात. पैसा देणारा दूर असतो, ज्याच्यासाठीं काम तो शेतकरी जवळ असतो, आणि दोघांच्या मध्यें हा उभा असतो. त्याची जबाबदारी नेमकी कोणती? मुदत पाळावी, खर्च मर्यादेंत ठेवावा, माणसें सांभाळावीं व अहवाल पाठवावे, हीं चार कलमें त्याच्या नेमणुकीच्या पत्रांत बहुधा असतातच. आमचें म्हणणें असें कीं, हीं चारही कलमें ज्या पांचव्या कलमावर उभीं आहेत, तें पत्रांत क्वचितच स्पष्ट लिहिलेलें आढळतें. हातीं दिलेला अजमास जमिनीवर जाऊन पडताळणें, आणि तो चुकत असेल तर तसें वेळेवर वर कळविणें, हें तें कलम होय. ह्या विधानाच्या सिद्धतेसाठीं आम्ही एकाच काळांतील दोन कामें घेतों. एक, पूर्व आफ्रिकेंत टांगानिका देशांतील कोंग्वा येथील भुईमुगाची योजना. दुसरें, संयुक्त प्रांतांत इटावा जिल्ह्यांतील महेवा येथील ग्रामोन्नतीचा प्रयोग.

[२]

तत्पूर्वीं एक जुना आधार देणें अवश्य आहे. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या प्राच्यग्रंथसंग्रहांत पंडित शामशास्त्री यांच्या हातीं येऊन १९०९ सालीं तो ग्रंथ मुद्रित झाला, आणि १९६० सालीं मुंबई विद्यापीठानें कंगले यांनीं संशोधिलेली संहिता प्रसिद्ध केली, हें वाचकांस विदितच आहे. ग्रंथाच्या काळाविषयीं विद्वानांत मतभेद आहेत. त्यांत येथें शिरण्याचें प्रयोजन नाहीं. त्याच्या दुसऱ्या अधिकरणाचें नांव अध्यक्षप्रचार. कोठार, खाणी, जकात, सूत, शेती इत्यादि खात्यांवरील मुख्यांनीं काय करावें, तें त्यांत सांगितलें आहे. आजच्या व्यवस्थापकाचा हा पूर्वज समजावा.

त्यांतील तीन गोष्टी प्रस्तुत विषयास उपयोगी आहेत. पहिली अशी कीं, सीताध्यक्षास, म्हणजे राजाच्या शेतीवरील मुख्यास, कृषिविद्या, भूमापन व वृक्षविद्या यांचें ज्ञान असावें. तें नसल्यास त्यानें तज्ज्ञसख व्हावें, म्हणजे जाणत्यास सोबत घ्यावें. दुसरी अशी कीं, पाऊस मोजण्यासाठीं एक अरत्नि रुंद तोंडाचें कुंड कोठारापुढें ठेवण्यास सांगितलें आहे, आणि पुढें शेतीच्या प्रकरणांत देशपरत्वें पर्जन्याचीं मानें दिलीं आहेत: जांगल भूमीस १६ द्रोण, पाणथळ भूमीस त्याच्या दीडपट, अश्मकास १३॥, अवन्तीस २३, आणि अपरान्तास अमित. अश्मक हा गोदावरीच्या खोऱ्यांतील देश व अपरान्त म्हणजे आपलें कोंकण. तेव्हां आपल्याच मुलखाच्या पावसाची ही एक जुनी नोंद आहे. इतकेंच नव्हे, तर वर्षाचा एकंदर पाऊस किती एवढ्यावर न थांबतां, त्याचा तिसरा हिस्सा पहिल्या व शेवटच्या महिन्यांत आणि उरलेले दोन हिस्से मधल्या दोन महिन्यांत पडल्यास तें वर्ष उत्तम, असें पावसाच्या वांटणीचेंही मान दिलें आहे. तिसरी गोष्ट हिशेबाची. हिशेबनीसांनीं आषाढांत शिक्कामोर्तब केलेल्या वह्या व शिल्लक घेऊन हजर व्हावें, असा नियम आहे.

सरकारी द्रव्य खाण्याचे चाळीस प्रकार ह्याच अधिकरणांत मोजले आहेत, ते प्रसिद्ध आहेत व नेहमीं उद्धृत होतात. पण ते चोरांविषयीं झाले. पाऊस मोजण्याचा नियम प्रामाणिक माणसासाठीं आहे, आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा. तो कां, हें कोंग्वाच्या वृत्तान्तावरून दिसेल.

[३]

युद्ध संपल्यावर इंग्लंडांत खाद्यतेलाची व चरबीची मोठी टंचाई होती. १९४६ सालीं युनायटेड आफ्रिका कंपनीचे संचालक फ्रँक सॅम्युएल यांनीं टांगानिकांत यंत्रांच्या साहाय्यानें भुईमुगाची प्रचंड लागवड करावी, अशी सूचना ब्रिटिश सरकारपुढें मांडली. टांगानिकाचा कारभार इंग्रजांकडे असला, तरी १९४६ च्या डिसेंबरांत तो देश संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्तव्यवस्थेखालीं आला. तेव्हां ह्या कामांत परक्या भूमीविषयींची जबाबदारी आरंभापासूनच अनुस्यूत होती. त्या देशाच्या शेतकीखात्याचे माजी मुख्य जॉन वेकफील्ड यांस दोन सहकाऱ्यांसह पाहणीस पाठविण्यांत आलें. ही पाहणी सुमारें नऊ आठवड्यांत उरकली, आणि तिचा बराच भाग विमानांतून झाला. आपल्या जुन्या दप्तरांतील शब्द वापरावयाचा तर ती नजरपाहणी होती.

ह्या नजरपाहणीवरून १९४७ च्या फेब्रुवारींत सरकारनें जो अजमास प्रसिद्ध केला, त्याचे आंकडे असे. प्रत्येकीं ३०,००० एकरांचीं १०७ शेतें, एकूण ३२ लक्ष १० हजार एकर. मुदत सहा वर्षें. खर्च सुमारें २ कोटि ४० लक्ष पौंड. कामाचा आरंभ कोंग्वा येथें झाला. पहिल्या वर्षीं दीड लक्ष एकरांत पेरा व्हावयाचा होता. प्रत्यक्ष झाला तो सुमारें साडेसात हजार एकरांत.

असें कां झालें? यंत्रें म्हणजे बहुतांशीं युद्धांतून उरलेले व वापरलेले ट्रॅक्टर होते, आणि ते पहिल्याच हंगामांत निकामी होऊं लागले. दारेसलामच्या बंदरांत माल सांचला. तेथून आंत नेण्यास रेल्वे अपुरी पडली. कोंग्वाची झाडी वरून दिसली त्याहून कितीतरी चिवट निघाली. गोरखचिंचेचे प्रचंड बुंधे व जमिनींतील मुळ्यांचें जाळें यांपुढें नांगरांचीं पातीं टिकेनात. तरीही हे सर्व दोष पैशानें व श्रमानें दूर होण्यासारखे होते. दोन दोष तसे नव्हते. तेथील चिकणमातीची जमीन पाऊस संपतांच भाजलेल्या विटेसारखी होई, आणि भुईमुगाचें फळ तर जमिनींतून उकरून काढावयाचें असतें. दुसरें, पाऊस थोडा व अनिश्चित होता, आणि पुष्कळ वर्षांच्या नोंदी पाहून तो तपासण्याचें काम खर्चास मंजुरी मिळण्यापूर्वीं नीट झालेलें नव्हतें.

ही गोष्ट कोणासच ठाऊक नव्हती असें मात्र नाहीं. त्या प्रदेशांत गोगो नांवाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरें पाळून व थोडें धान्य पिकवून राहत आले आहेत. अवर्षणाचा त्यांस दांडगा अनुभव होता. आपल्याकडे दुर्गादेवीच्या दुष्काळास जसें नांव पडलें, तसें १९१७ ते १९२० ह्या वर्षांतील भयंकर दुष्काळास त्यांनीं म्तुन्या हें नांव दिलें होतें. ज्या मुलखांत दुष्काळास नांवें असतात, तेथील पाऊस मोजल्यावांचून पेरा धरूं नये, एवढें अनुमान काढण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नव्हती. गोगो म्हाताऱ्याची साक्ष काढणें, हेंही पर्जन्यमापनच होतें.

१९४८ सालीं हें काम कंपनीकडून नवीन सरकारी मंडळाकडे आलें. स्थळावरील मुख्य म्हणून मेजर जनरल डेस्मंड हॅरिसन गेले. ते नामांकित लष्करी एंजिनियर होते. पण तोंवर आंकडे पार्लमेंटांत जाहीर झालेले होते, आणि अन्नमंत्री स्ट्रेची हे योजनेचें वारंवार समर्थन करीत होते. जाहीर झालेला आंकडा खालून बदलणें फार कठीण असतें. भुईमूग साधेना म्हणून सूर्यफूल पेरून पाहिलें. तेंही अवर्षणापुढें टिकलें नाहीं. १९४९ सालीं मंडळाचा पहिला वार्षिक हिशेब निघाला, तेव्हां हिशेबतपासनिसांनीं त्यास निर्वेध संमति दिली नाहीं; वह्या योग्य रीतीनें ठेवल्या गेल्या आहेत असें म्हणण्यास ते तयार नव्हते. १९५१ च्या जानेवारींत ब्रिटिश सरकारनें मूळ योजना सोडून दिल्याचें जाहीर केलें व सुमारें ३ कोटि ६५ लक्ष पौंड बुडीत खातीं लिहिले.

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें सांगितली पाहिजे. कौटिल्याच्या चाळीस प्रकारांपैकीं एकही प्रकार ह्या नाशाचें मुख्य कारण नव्हता. तेथें गेलेलीं पुष्कळ माणसें प्रामाणिक होतीं, उन्हातान्हांत राबलीं, आणि भुकेल्या जगास अन्न पुरवावें ही त्यांची इच्छा खरी होती. चोरीवांचून इतकें द्रव्य गेलें, हाच कोंग्वाचा धडा आहे.

[४]

आतां महेवा. आल्बर्ट मेयर हे न्यूयॉर्कचे वास्तुविशारद. युद्धकाळांत अमेरिकन सैन्यांतील एंजिनियर म्हणून ते हिंदुस्थानांत होते; त्या वेळीं त्यांचा पंडित नेहरूंशीं परिचय झाला. पुढें संयुक्त प्रांताचे मुख्य मंत्री गोविंद वल्लभ पंत यांच्या सरकारनें त्यांस सल्लागार नेमिलें, आणि १९४८ च्या उत्तरार्धांत यमुनेच्या व चंबळेच्या घळींनीं फाटलेल्या इटावा जिल्ह्यांत काम सुरू झालें. आरंभीं ६४ गांवें घेतलीं; पुढें तीं ९७ झालीं. कोंग्वाचे ३२ लक्ष एकर व महेवाचीं ६४ गांवें, हा भेद प्रथम लक्षांत घ्यावा. लहान आरंभ हा येथें दारिद्र्याचा परिणाम नव्हता, तो ठरवून केलेला होता. अजमास चुकला तर तो ६४ गांवांत चुकावा, सबंध प्रांतांत नव्हे, असा त्याचा हेतु होता.

मेयर स्वतः शेतकीतज्ज्ञ नव्हते. ते तज्ज्ञसख झाले. अमेरिकेंतील शेतकी-प्रसाराच्या कामांत मुरलेले होरेस होम्स हे त्यांच्या बरोबर आले. ग्रामजीवनाच्या अभ्यासासाठीं रुद्रदत्त सिंह हे मानववंशशास्त्रज्ञ घेतले. आणि प्रत्यक्ष कारभार जिल्हा नियोजन अधिकारी ह्या एतद्देशीय अंमलदाराकडे ठेविला. चार-पांच गांवांमागें एक ग्रामसेवक नेमला. शेती, गुरें, आरोग्य ह्या सर्व बाबतींत गांवकऱ्यांशीं ज्याचा रोजचा संबंध तो हाच. निरनिराळ्या खात्यांचे दहा शिपाई दारीं येण्याऐवजीं ओळखीचा एक मनुष्य यावा, अशी ती कल्पना होती.

पंजाब ५९१ ह्या जातीचा गहू तेथें पसरला, तो सरकारी शेतावरील प्रदर्शनानें नव्हे. शेतकऱ्याच्याच शेतांत, त्याच्याच बैलांनीं, जुन्या बियाण्याच्या शेजारीं नवें बियाणें पेरून दाखविलें. मळणी झाल्यावर दोन ढिगांचें माप सर्वांसमक्ष होई. अजमास पडताळण्याची याहून सोपी व याहून कठोर रीत आम्हांस ठाऊक नाहीं, कारण येथें तपासनीस स्वतः शेतकरीच होता.

मेयर यांचा दुसरा आग्रह कारभाराच्या आंतल्या व्यवहाराविषयीं होता. वरिष्ठांनीं बोलावें व कनिष्ठांनीं मान डोलवावी, ही चाल मोडून ग्रामसेवकानें बैठकींत वरिष्ठासमोर आपली अडचण उघड सांगावी, ह्यावर ते भर देत. त्यास ते आंतली लोकशाही म्हणत. व्यवस्थापक मेजावर बसून जें पाहूं शकत नाहीं, तें ज्यास दिसतें त्याचें तोंड बांधूं नये, हें त्याचें सार. वर्षांतील कांहीं महिनेच मेयर हिंदुस्थानांत असत; म्हणून पत्रें, टिपणें व अहवाल यांचा मोठा संग्रह झाला. मेयर यांचें हिंदुस्थानाविषयींचें दप्तर आज शिकागो विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे, आणि त्या प्रयोगाचा इतिहास १९५८ सालीं पुस्तकरूपानेंही निघाला. काम चालू असतांनाच कागद जपण्याची ही बुद्धि आमच्या वाचकांस विशेष आवडेल.

महेवाचें केवळ स्तोत्र गाणें मात्र इतिहासास शोभणार नाहीं. ज्याच्यापाशीं जमीन व पाणी होतें, त्यास नव्या बियाण्याचा लाभ अधिक झाला. ज्यास जमीनच नव्हती, त्याच्या ओंजळींत थोडें पडलें. पुढें २ ऑक्टोबर १९५२ रोजीं अमेरिकेच्या साहाय्यानें देशभर ५५ ठिकाणीं समूहविकासाचीं कामें सुरू झालीं, आणि थोड्याच वर्षांत त्यांचें जाळें सर्वत्र पसरलें. ६४ गांवांत जी सावधगिरी साधली, ती ह्या धांवपळींत टिकली नाहीं. लोकांचा स्वतःचा उत्साह जागृत करण्यांत हीं कामें कमी पडलीं, असा निर्णय १९५७ सालीं बलवंतराय मेहता समितीनें दिला व पंचायतींकडे सत्ता सोंपविण्याची शिफारस केली. आपल्या राज्यांत १ मे १९६२ रोजीं ज्या जिल्हा परिषदा अस्तित्वांत आल्या, त्यांची एक मुळी येथवर पोंचते.

[५]

ह्या दोन वृत्तान्तांवरून व्यवस्थापकाच्या जबाबदाऱ्या मांडावयाच्या, तर आम्ही त्या पुढील क्रमानें मांडूं. खर्चापूर्वीं मोजमाप, स्वतःस न कळणाऱ्या गोष्टींत जाणत्याची सोबत, आणि त्या जाणत्यांत गांवचा म्हाताराही धरावा, मोठ्या पेऱ्यापूर्वीं लहान पेरा, वाईट बातमी वर जाण्यास मोकळी वाट, आणि वेळच्या वेळीं पुरा होणारा हिशेब. मुदत व खर्च हे ह्यानंतर येतात. जो व्यवस्थापक चुकलेला अजमास मुदतींत पुरा करितो, त्यानें काम केलें असें नव्हे. त्यानें चूक वेळेवर पोंचती केली.

कोणी म्हणेल कीं, अजमास ठरविणारे वर असतात. हाताखालच्या मनुष्यानें काय करावें? हा आक्षेप खरा आहे, व कोंग्वाच्या माणसांच्या वतीनें तो करणें न्याय्यही आहे. पुढें परराष्ट्रीय साहाय्याच्या व्यवहारानें ह्या आक्षेपास कांहीं अंशीं उत्तर दिलें. १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या सरकारी साहाय्यखात्यासाठीं एक चौकट तयार करण्यांत आली व ती जगभर पसरली. तींत उद्देश, फळ व साधनें एकाखालीं एक मांडतात, प्रत्येकासमोर तें कसें मोजावयाचें तें लिहितात, आणि शेवटच्या रकान्यांत गृहीत गोष्टी लिहितात: पाऊस इतका पडेल, भाव अमुक राहील, बंदर माल उचलील. हा शेवटचा रकाना म्हणजेच कौटिल्याचें कुंड होय. तो मांडला गेल्यामुळें, आमचें गृहीत चुकलें, असें म्हणण्याची सोय कागदावर तरी झाली. पण रकाना असणें वेगळें व तो खरेपणानें भरणें वेगळें. तो भरणारा हात शेवटीं त्याच एका माणसाचा असतो.

ह्याविषयीं आमचा स्वतःचा एक अनुभव सांगतों. तो आमच्या दोषाचाच आहे. ज्या खेड्यांतील शाळेंत आम्हीं बरींच वर्षें संस्कृत शिकविलें, तिच्या आवारांत एक पर्जन्यमापक होतें, व रोज सकाळीं साडेआठ वाजतां त्याची नोंद करण्याचें काम आमच्याकडे होतें. एका वर्षीं श्रावणांत घरच्या अडचणीमुळें आम्ही अकरा दिवस परगांवीं होतों. परत आल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांस विचारून आम्हीं ते अकरा रकाने अंदाजानें भरून टाकले. वहींत खाडा दिसूं नये, एवढाच हेतु. पुष्कळ वर्षांनीं परदेशी साहाय्यानें चाललेल्या एका पाणलोटाच्या कामावरील तरुण प्रमुख ती वही पाहण्यास आमच्या घरीं आले. बंधाऱ्याचा सांडवा किती रुंद ठेवावा, हें त्यांस ठरवावयाचें होतें. पानें उलटतां उलटतां ते त्या श्रावणावर थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, हे अकरा दिवस तुम्हीं मोजले, कीं लिहिले?"

आम्हांस क्षणभर उत्तर सुचलें नाहीं. मग आम्हीं खरें तें सांगितलें. त्यांनीं आपल्या नकलेंतील त्या अकरा ओळींवर तांबडी रेघ ओढली, आमचे आभार मानले, व पुढील पान उलटलें. जन्मभर विद्यार्थ्यांच्या वह्या आम्हीं तांबड्या शाईनें तपासल्या. आमची वही कोणी अशी तपासण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्या गृहस्थांच्या पदाची जबाबदारी काय, असें आज कोणीं विचारलें, तर आम्ही त्या एका प्रश्नाकडे बोट दाखवूं.

[६]

आतां वाचकांस एक विनंति करून हा लेख पुरा करितों. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकापासून जर्मनीच्या साहाय्यानें महाराष्ट्रांतील कोरडवाहू गांवांत पाणलोटक्षेत्राचीं पुष्कळ कामें झालीं. इतरही देशांच्या व संस्थांच्या साहाय्यानें लहानमोठीं कामें झालीं आहेत. त्यांचे छापील अहवाल मोठ्या ग्रंथालयांत जातील व राहतील. परंतु ग्रामसेवकाची दैनंदिनी, गांवसभेच्या ठरावाची वही, श्रमदानाचा हजेरीपट, शेतवार आंखलेले नकाशे व शाळेंतील पावसाची वही, हीं दर पावसाळ्यांत वाळवीच्या व दर दिवाळींत रद्दीवाल्याच्या स्वाधीन होत आहेत. ज्यांस बखरीच्या एका फाटक्या पानासाठीं चार कोस चालण्याची संवय आहे, त्यांनीं ह्या वह्यांकडेही लक्ष द्यावें.

अहवालांत काय ठरलें होतें तें मिळेल. काय झालें तें ह्या वह्यांत मिळेल. दोहोंची रुजवात घालण्याचें काम व्यवस्थापकाचें होतें. त्याच्या मागें तें आमचें आहे.